पंडितांचा अंगारा

विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला त्याला आठवडाही झाला नव्हता. बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीकडच्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. समोर मुंबईचे एक पाहुणे. मठ्ठा वाढणारा पोरगा पुढे सरकला आणि पाहुण्यांनी विषय काढला.

"जिंकलात म्हणे पुन्हा! चंदू पंडितचे उपकार माना."

"पाहुणे, पंडित विदर्भ सोडून गेले त्याला पाच वर्षं झाली," मी म्हणालो.

"गेले असतील. पण वळण कोणी लावलं? आणि तो करुण नायर कुठला हो, तुमच्या खामगावचा का?"

पंगत हसली. मीही हसलो. मुंबईच्या माणसाने मुंबईची टिमकी वाजवावी, त्यात रागावण्यासारखं काही नाही. तिथल्या नळाच्या पाण्यातच ते येतं. राग आला तो माझ्या उजव्या हाताला बसलेल्या आमच्याच भाऊसाहेबांचा. हे भाऊसाहेब दरवर्षी टेनिस बॉलची मोठी टुर्नामेंट भरवतात. मंडप, लाऊडस्पीकर, लाखाचं पहिलं बक्षीस, चषकाला नेत्याचं नाव. क्रिकेटमधलं त्यांना कळतं असा पंचक्रोशीचा समज आहे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "खरं हाये पाहुणे. आपल्या पोट्ट्यायमंदी दमच नाई. आपल्याले बाहेरचाच मास्तर लागते."

हे वाक्य मी गेली सात-आठ वर्षं ऐकतो आहे. एसटी स्टँडवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सलूनच्या खुर्चीत. मुंबई-पुण्याचा माणूस ते ऐटीत म्हणतो आणि आमचा माणूस ते विनयाने म्हणतो, एवढाच फरक. त्या दिवशी मठ्ठा घशाखाली उतरेना, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी हे मत नीट मांडून घेऊ, म्हणजे सोयीचं तेवढं खोडलं असं कोणी म्हणायला नको. मत असं: विदर्भ म्हणजे क्रिकेटच्या समुद्रातलं एक उजाड बेट. १९५७-५८ पासून साठ वर्षं रणजीत खेळलं आणि साठ वर्षं रिकाम्या हाताने परत आलं. मग २०१७ मध्ये मुंबईहून चंद्रकांत पंडित नावाचा एक कडक मास्तर या बेटावर उतरला. त्याने पोरांचे मोबाईल काढून घेतले, उशिरा येणाऱ्याला झापलं, जोडीला दोन-चार बाहेरचे खेळाडू विकत घेतले, आणि एका हंगामात बेटावर करंडक उगवला. तेव्हा करंडक खरा मुंबईचाच, मुक्कामाला फक्त नागपुरात. आणि ज्या कोणा मागास मुलखाला करंडक हवा असेल त्याने असाच एक मास्तर गाठावा, कपाळाला अंगारा लावून घ्यावा, बाकीची उस्तवार करण्यात अर्थ नाही.

विकत घेतलेल्या करंडकापासून सुरू करतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. त्याला फक्त मोजता यावं लागतं. पहिला करंडक ठरला तो अंतिम सामना इंदूरला होळकर मैदानावर झाला, २९ डिसेंबर २०१७ ते १ जानेवारी २०१८, समोर दिल्ली. विदर्भाचे अकरा जण असे: फैज फजल, संजय रामास्वामी, वसीम जाफर, गणेश सतीश, अपूर्व वानखडे, अक्षय वाडकर, आदित्य सरवटे, सिद्धेश नेरळ, अक्षय वखरे, रजनीश गुरबानी, आदित्य ठाकरे. यात बाहेरचे किती? जाफर आणि सतीश. दोन. उरलेले नऊ कोणत्या बाजारातून आणले, ते पाहुण्यांनी सांगावं. विदर्भाने ५४७ धावा केल्या. जाफरने ७८ केल्या, उत्तम केल्या. पण दिल्लीच्या २९५ ची धूळ झाली ती पुढे, वाडकरच्या १३३, सरवटेच्या ७९ आणि नेरळच्या ७४ धावांनी. वाडकरचा तो पहिलाच हंगाम आणि पहिलंच शतक. त्याआधी गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली होती, तिन्ही गडी त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा तो दुसराच गोलंदाज; पहिले तमिळनाडूचे कल्याणसुंदरम, १९७२-७३ मध्ये. त्या हॅट्‌ट्रिकचा तिसरा बळी होता दिल्लीचा ध्रुव शोरे, १४५ धावा करून खेळणारा. तोच शोरे पुढे विदर्भाकडून खेळायला आला. नागपूरला यावंसं वाटण्याची पाळी आता दुसऱ्यांवर आली आहे, ही गोष्ट पाहुण्यांच्या नजरेतून निसटलेली दिसते.

आणि जाफरचं म्हणाल तर आदल्या हंगामात दुखापतीने तो खेळू शकला नव्हता, तरी मानधन पूर्ण मिळालं होतं. म्हणून २०१७-१८ चा हंगाम तो एक पैसा न घेता खेळला. विकत घेतलेला माणूस फुकट खेळतो, असा हा बाजार.

बाहेरच्या खेळाडूंचा एवढा विटाळ असेल तर तो सगळ्यांनाच लावा. भदोहीहून आलेला यशस्वी जैस्वाल मुंबईकडून खेळला की मुंबईचा लेक होतो, तंबूत राहून वर आलेला गुणी पोरगा होतो. मुंबईचा जाफर नागपूरला आला की तो भाड्याचा. संदीप पाटील मध्य प्रदेशाकडून खेळले. खुद्द चंद्रकांत पंडित १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. मुंबईकर दुसरीकडे गेला तर अनुभव वाटायला गेला आणि दुसऱ्यांनी मुंबईकर बोलावला तर त्यांनी यश विकत घेतलं, हा कुठला हिशेब?

करुण नायरचं उत्तर राहिलं. नाही, पाहुणे, तो खामगावचा नाही. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर संपलेल्या अंतिम सामन्यात त्याने केरळविरुद्ध ८६ आणि १३५ धावा केल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. पण पहिल्या डावात विदर्भ ३ बाद २४ वर आला तेव्हा त्याच्याबरोबर उभा राहून १५३ धावा काढणारा दानिश मालेवार नागपूरचा, आणि सामनावीर तोच. त्या मोसमात स्पर्धेतल्या सर्वाधिक धावा केल्या यश राठोडने, ९६०. ६९ बळी घेऊन हर्ष दुबेने एका मोसमातला रणजीचा विक्रम मोडला. यातला एकही नायरसारखा बंगळुरूहून आणलेला नाही. सामना अनिर्णित राहिला आणि ३७९ विरुद्ध ३४२ अशा पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक मिळाला. केरळकडून त्या डावात ७९ धावा कोणी केल्या असतील? आदित्य सरवटेने. हाच तो सरवटे, ज्याने इंदूरला विदर्भासाठी ७९ केल्या होत्या आणि पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राच्या चेतेश्वर पुजाराला एकदा १ वर आणि एकदा शून्यावर घरी पाठवून अकरा बळी घेतले होते. त्या मोसमात तो केरळचा बाहेरचा खेळाडू होता. उजाड बेटावरून माल बाहेर जायला लागला आहे.

आता मास्तर. मुंबईची माती, मुंबईची खडूस परंपरा, हेच जर औषध असेल तर काही बारीक प्रश्न उरतात. पंडितांच्या आधी पारस म्हांब्रेही विदर्भाचे प्रशिक्षक होऊन गेले. म्हांब्रे कुठले? मुंबईचेच. तेव्हा हे औषध का लागू पडलं नाही? २०१४-१५ आणि २०१५-१६ असे सलग दोन हंगाम संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि तिथून परतला. म्हणजे पंडित आले तेव्हा इथे शून्य नव्हतं. दारापर्यंत आलेला संघ होता. दुसरं, पंडित विदर्भाला मिळाले कसे? जानेवारी २०१७ मध्ये मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि मुंबईने त्यांना निरोप दिला. आदल्याच वर्षी याच माणसाने त्यांना करंडक जिंकून दिला होता. मुंबईने ज्याला उंबऱ्याबाहेर केलं त्याचं श्रेय आता मुंबईच मागायला येते. पुढचा डिसेंबर आठवा. उपांत्यपूर्व सामन्यात मुंबई नागपूरच्या मैदानावर कर्नाटककडून डावाने हरली. त्याच कर्नाटकला विदर्भाने उपांत्य फेरीत कोलकात्याला पाच धावांनी हरवलं. मातीचा महिमा होता तर माती कुठे गेली होती त्या आठवड्यात?

आणि त्याच हिवाळ्यात, पंडितांचा ज्याच्याशी काही संबंध नव्हता असा विदर्भाचा एकोणीस वर्षांखालचा संघ कूचबिहार करंडक जिंकला. अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा ठोकल्या अथर्व तायडेने. तो अकोल्याचा. आमच्या शेजारचा जिल्हा, खामगावहून एसटीने तासाभराचा रस्ता. पोरांचा अंगारा वेगळा आणि थोरांचा वेगळा होता की काय?

या दोन करंडकांच्या मागे जे होतं ते लग्नाच्या पंगतीत सांगण्याइतकं चविष्ट नाही. नागपुरात कित्येक वर्षं चाललेली निवासी अकादमी, जिथे विदर्भातल्या पोरांना राहायला-खायला, टर्फवर खेळायला आणि रोज सकाळी चुका दाखवणारा माणूस मिळत होता. त्या उद्योगाच्या मागे प्रशांत वैद्यांसारखा इथलाच, भारताकडून खेळून आलेला माणूस होता. २००८ पासून जामठ्यासारखं मैदान होतं. गोलंदाजांसाठी सुब्रतो बॅनर्जी होते. खाणकामगाराचा पोरगा उमेश यादव २०११ मध्ये भारताची कसोटी टोपी घालून बसला होता, तेव्हा 'आपल्यालाही जमतं' हे पाहायला पोरांना टीव्ही पुरेसा होता. हे सगळं दहा वर्षं शिजत होतं. पंडित आले तेव्हा भाकर तव्यावर होती. ती करपू न देता उतरवणं हेही सोपं नाही, मान्य. पण पीठ मळणारे, चूल फुंकणारे हात पुसून बाजूला उभे राहिले, आणि फोटो तेवढा ज्याच्या हातात परात होती त्याचा निघाला.

पंडितांचं कौतुक करायचंच असेल तर ते योग्य गोष्टीसाठी करा, एवढंच माझं म्हणणं. मोबाईल काढून घेणं हे काही क्रिकेटचं ज्ञान नव्हे. आमच्या आश्रमशाळेतला वॉर्डनही मोबाईल काढून घेतो. तिथून अजून रणजीपटू निघालेला नाही. करडी शिस्त हेच गुपित असेल तर याच शिस्तीच्या माणसाच्या हाताखाली कोलकाता नाइट रायडर्स २०२४ मध्ये विजेते आणि २०२५ मध्ये आठवे कसे झाले? शिस्त वर्षभरात पातळ झाली? पंडितांचं खरं काम मला दिसतं ते वेगळ्याच ठिकाणी. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात विदर्भ पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडला होता. जुना विदर्भ असता तर तिथेच पोरांच्या डोळ्यांपुढे परतीची गाडी आली असती; सन्मानाने हरणं हे आमचं साठ वर्षांचं घराणं होतं. या संघाने दुसऱ्या डावात ३१३ केल्या, आणि सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या गुरबानीने दुसऱ्या डावात सात, सामन्यात एकूण बारा गडी बाद करून पाच धावांनी सामना ओढून आणला. आणि मग अंतिम सामना. उमेश यादव भारतीय संघाबरोबर. अशा वेळी कोणताही शहाणा प्रशिक्षक जुना, चार सामने पाहिलेला गोलंदाज शोधतो. इथे अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेच्या हातात चेंडू दिला गेला, आयुष्यातला पहिलाच प्रथम दर्जाचा सामना. एवढी छाती दाखवायला मास्तर लागतो, ही गोष्ट खरी. पण ती छाती दाखवायला अकोल्यात तयार झालेला एक पोरगाही लागतो. तो पोरगा पंडितांनी मुंबईहून ट्रंकेत घालून आणला नव्हता.

शेवटचा पुरावा काळाचा. मार्च २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. अंगाऱ्याचा जोर होता तर तो त्यांच्यासोबत जायला हवा होता. गेला का? मध्य प्रदेशाला २०२२ मध्ये करंडक मिळाला, मुंबईला हरवून, हे छानच झालं. इकडे विदर्भ २०२३-२४ ला अंतिम सामन्यात मुंबईशी हरला, ५३८ चा डोंगर समोर असताना वाडकरने शतक करून ३६८ पर्यंत झुंज दिली. पुढच्या वर्षी जिंकला. तेव्हा प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले. पंगतीतल्या एकाला तरी हे नाव माहीत होतं का? भाऊसाहेबांना तरी?

बाहेरच्या मास्तरावर सगळी भिस्त ठेवली की काय होतं, त्याचीही उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक तर मराठी माणसाने उभं केलेलं आहे. २००३ च्या विश्वचषकात केनिया उपांत्य फेरीत पोहोचला. प्रशिक्षक आमचे संदीप पाटील. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! श्रीलंकेला हरवलं, बांगलादेशाला हरवलं, झिम्बाब्वेला हरवलं, शेवटी भारतासमोर थांबले. पाटील परत आले. मागे मंडळातली भांडणं, पैशाची ओढ आणि खाली नव्या पोरांची वानवा. २०१४ येईपर्यंत केनियाचा एकदिवसीय दर्जाही गेला. पाटलांनी जीव ओतला, यात शंका नाही. पण खाली जोतं नसेल तर वरचा मजला किती दिवस टिकणार?

त्याहून आमच्या जवळचं उदाहरण बर्म्युडाचं. खरंखुरं बेट. अटलांटिकमधलं, लोकसंख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात, म्हणजे आपलं बुलढाणा शहर समजा. मलकापूर, खामगाव, शेगाव धरायचेच नाहीत. एवढ्याशा बेटाचा संघ वेस्ट इंडिजचे गस लोगी यांनी २००७ च्या विश्वचषकात नेऊन उभा केला. रॉबिन उथप्पाचा स्लिपमधला एकहाती झेल घेणारा अगडबंब ड्वेन लेव्हरॉक आठवत असेल. गडी पोलीस खात्यातला. भारताने त्यांच्याविरुद्ध ४१३ धावा झोडपल्या खऱ्या, पण बुलढाण्याएवढं गाव विश्वचषक खेळलं. आणि दोन वर्षांत, २००९ मध्ये, त्यांचाही एकदिवसीय दर्जा गेला. पाहुण्यांच्या शास्त्रानुसार तिथे पुन्हा एक कडक मास्तर पाठवला की झालं. तसे मास्तर जगात पुष्कळ आहेत. मग बर्म्युडा अजून परत का आला नाही?

आता वळतो भाऊसाहेबांकडे. त्यांचं वाक्य पाहुण्यांच्या वाक्याहून वाईट आहे, कारण त्यात आपल्याच पोरांचा पाणउतारा आहे आणि स्वतःची सुटकाही. "पोट्ट्यायमंदी दम नाई." बरं. प्रथमेश जावकर हे नाव ऐकलंय? बुलढाण्याचा. २०२३ च्या मे महिन्यात शांघायला तिरंदाजीच्या विश्वचषकात त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, जगातल्या अव्वल कंपाउंड तिरंदाजाला, १४९-१४८ ने हरवून सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई खेळांत सांघिक सुवर्ण. याच बुलढाण्याच्या हवेत, याच घाटाच्या कडेला हा पोरगा वाढला. तिरंदाजीत दम आहे आणि क्रिकेटमध्ये नाही, म्हणजे दम काय खेळ बघून अंगात शिरतो? पन्नास मीटरची सपाट जागा, लक्ष्य आणि सकाळ-संध्याकाळ मागे उभा राहणारा एक माणूस, एवढं जुळलं आणि पोरगा जगातल्या अव्वलाला हरवून आला. क्रिकेटला याहून थोडं जास्त लागतं. काय लागतं, ते सांगतो.

आमच्या गावच्या मैदानावर एक मॅट आहे. काथ्याची. गुंडाळली की चार जणांना उचलावी लागते, आणि पाचवा लागतो तो खिळ्यांचा डबा धरायला. मुरमाच्या पट्ट्यावर आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी साडेसहाला मॅट अंथरायची, दोन पोरांनी टोकं ओढून धरायची आणि तिसऱ्याने वीतभर खिळे दगडाने ठोकायचे. हातोडी होती, ती हरवली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. एका टोकाला, बरोबर ऑफ स्टंपच्या बाहेर, मॅट फाटलेली आहे, तिथे गोणपाटाचं ठिगळ. चेंडू ठिगळावर पडला की कुठे जाईल ते गोलंदाजालाही माहीत नसतं. लेदर बॉलची लाली दहा षटकांत मॅटवर उतरते आणि सालटं निघालेला बॉल टपोऱ्या गवारीसारखा खरखरीत होतो. पण पोरं खेळतात. उसळता चेंडू कानाजवळून जातो, तो सोडायला शिकतात, मागच्या पायावर जायला शिकतात. मॅटवर चेंडू छातीपर्यंत येतोच, हे त्यांच्या अंगात भिनतं.

मीही याच मॅटवर शिकलो. तीसेक वर्षांपूर्वी एका निवड चाचणीला मलकापूरहून रात्रीच्या गाडीने गेलो होतो. घरून आईने दशम्या बांधून दिल्या होत्या, आणि शेजारच्या काकांचे बूट मागून घेतले होते, एक नंबर मोठे, पुढे कापूस भरून. सकाळी जन्मात पहिल्यांदा टर्फवर उभा राहिलो. हिरवट, गुळगुळीत, पायाखाली लागतच नव्हतं. पहिला चेंडू आला, मी सवयीने मागच्या पायावर गेलो, आणि चेंडू उसळलाच नाही. घोट्यावर आदळला. दुसराही तसाच. चौथ्याला त्रिफळा. निवड करणाऱ्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी जे पाहिलं ते पाहून मीही मला घेतलं नसतं. येताना गाडीत बापू नावाचा एक मित्र म्हणाला, "काहून बे, तू तं आपल्या गावात असा खेळत नाही." त्याला मी काय सांगणार? चार चेंडूंत माझ्या पोट्टेपणाचा दम मोजून झाला होता, आणि मोजमाप होतं दुसऱ्याच मातीचं.

माझ्यात काही फार होतं अशी फुशारकी नाही. पण संग्रामपूरच्या किंवा लोणारच्या पोराला तोच चौथा चेंडू आजही येतो, आणि तो चुकला की भाऊसाहेबांसारखे जाणते निकाल देतात: दम नाही. अकोल्याचा पोरगा तो चेंडू खेळून काढतो, कारण अकोल्यात पोरं लहानपणापासून लेदर बॉलच्या क्लबात जातात आणि त्यांना रोज पाहणारं कोणी तरी आहे. तायडे आणि ठाकरे घडले ते तिथे. २०२५ च्या ऑक्टोबरात विदर्भाने नागपूरला शेष भारताला हरवून इराणी करंडक आणला, त्यातही तायडेचं १४३ धावांचं शतक होतं. अकोला आणि बुलढाणा यांच्यामध्ये सातपुडा नाही, समुद्र नाही. एक बाळापूर आहे.

बुलढाण्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आता समृद्धी महामार्ग मेहकरवरून जातो, रस्ता लवकर संपतो. पण तेरा वर्षांचं पोर रोज सकाळी समृद्धीवरून नेटला जाऊ शकत नाही. नेट पोराजवळ यावं लागतं. ही साधी गोष्ट भाऊसाहेबांना कळत नाही असं नाही. टुर्नामेंटमध्ये किती टेनिस बॉल फुटतात, किती ट्यूब लावाव्या लागतात, पंचाला जेवण काय द्यायचं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पण 'बाहेरचा मास्तर लागते' असं म्हटलं की आपल्याला काही करायचं उरत नाही. मास्तर येणार नाही, कारण तो चिखलीला कशाला येईल? आला नाही की आपण मोकळे. तोवर चषक चालू, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री चालू, "आणि हाऽऽ सिक्सर, शेतात!"

पाहुण्यांवर माझा राग नाही. ते रविवारी परत गेले, जाताना आमच्याकडून शेगाव कचोरीचे दोन डबे घेऊन गेले आणि ती मात्र शेगावचीच आहे, मुंबईची नाही, हे त्यांनी बिनतक्रार मान्य केलं. करंडकाबद्दलही कधी तरी मान्य करतील.

भाऊसाहेब, माझं मागणं तुमच्याकडे आहे. पंडितांना बोलवू नका, ते येणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. आपल्या गावात पन्नाशीची तीन माणसं अशी आहेत जी पहाटे साडेसहाला विनामोबदला मैदानावर असतात. तुमच्या मंडपात त्यांना कधी खुर्ची मिळाली नाही, ती द्या. आणि यंदाच्या चषकाचं पहिलं बक्षीस जाहीर करण्याआधी एकदा मैदानावर या. मॅट ऑफ स्टंपच्या बाहेर फाटली आहे. नवी घेऊन द्या, आणि जमलं तर एक हातोडी.